खून घाईत उरकू नकोस

सज्जन कारकुनाच्या हातून खून होतो, ती तुझी कथा वाचली. खून पहिल्याच पानावर उरकलास आणि उरलेली पानं त्याची कारणं सांगण्यात गेली. उलटं करून बघ. तुझा कारकून सज्जन आहे ना, मग आधी त्याला किरकोळ काहीतरी करू दे. ऑफिसच्या तिजोरीतून थोडे पैसे उचलतो, पगार झाल्यावर परत ठेवू म्हणतो. ठेवतोही! पुढच्या वेळी रक्कम मोठी, आणि नेमकं तेव्हाच ऑडिट लागतं. त्यात एका सहकाऱ्याने त्याला बघितलेलं असतं. प्रत्येक पायरी त्याला त्या क्षणी रास्तच वाटली पाहिजे, वाचकालाही.

आणि हो, त्याला सराईत करू नकोस. असा माणूस घाबरून रक्ताचा शर्ट गरम पाण्यात बुडवतो आणि डाग आणखी पक्का बसतो. एवढा एक तपशील पानभर मनोविश्लेषणाला भारी पडतो (तुझं तर दोन पानं आहे). पोलीस थोडक्यात आटप, २००० शब्दांच्या कथेत तपासाला जागा नसते. शेवटचं पश्चात्तापाचं भाषण सरळ काढून टाक. दुसऱ्या दिवशी तो कामावर जातो, कुणीतरी सहज विचारतं, "काल उशिरापर्यंत होतास का रे?" तिथेच कथा सोड.