मरून बेरेट कुणी घालायची?

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही गुहागर तालुक्यातले. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, गेल्या वर्षी वारले. मुलगा बारावीला आहे. त्याने ऑनलाइन मरून बेरेट, म्हणजे ती फौजी गोल टोपी, मागवली, सोबत बलिदानचा बिल्ला पण, आणि २६ जानेवारीला ती घालून आजोबांचा फोटो घेऊन झेंडावंदनाला उभा राहणार म्हणत होता. वाडीतले एक रिटायर्ड फौजी दादा त्याला सगळ्यांसमोर खूप बोलले. आता तो जेवायलाही धड येत नाही, म्हणतो किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा वॉचमन पण मरून घालतो, त्याला कोण काही बोलत नाही. नक्की कुणाला घालता येते?
– एक आई

उत्तर: ताई, दादांनी चारचौघात बोलायला नको होतं, पोराचं मन साफ आहे. पण त्यांचं म्हणणं खरं आहे.

मरून रंग पॅराशूटवाल्यांचा. आग्र्याच्या ट्रेनिंग स्कूलला विमानातून पाच उड्या पूर्ण केल्या की विंग्ज, म्हणजे पंखांचा बिल्ला, मिळतो, पण त्याआधी पॅरा युनिटमधलं प्रोबेशन पार करावं लागतं आणि तिथून कित्येक चांगली तयारीची पोरं परत जातात. मरून दिसली म्हणजे कमांडो, असंही नाही हां. पॅरा ब्रिगेडबरोबर असणारे तोफखान्याचे, इंजिनिअर्सचे जवान, डॉक्टरसुद्धा ती घालतात, २०२३ ला तुर्कीत भूकंप झाला तेव्हा गेलेलं आपलं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल आठवा. शीख जवान असेल तर बेरेटऐवजी मरून पगडी. बलिदानचा बिल्ला मात्र फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा, म्हणजे पॅरा कमांडोंचा. २०१९ च्या वर्ल्ड कपला धोनीच्या ग्लोव्हजवर तसंच चिन्ह दिसलं आणि आयसीसीने नियम दाखवून काढायला लावलं, तेव्हापासून तो बिल्ला घरोघरी माहीत झाला आणि बाजारातही आला. धोनी टेरिटोरियल आर्मीच्या पॅरा बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे, आणि पद मानद असूनही २०१५ ला आग्र्याला जाऊन त्याने पाच उड्या मारल्या, हे मुलाला जरूर सांगा.

बाकीचे रंग थोडक्यात. रणगाडेवाल्यांची काळी, ग्रीस-तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून ब्रिटिश टँकवाल्यांनी काळा रंग घेतला तो इकडे आला. मिलिटरी पोलिसांची लाल, यूएनच्या शांतिसेनेत गेलात तर फिकी निळी. आणि इन्फंट्रीची, म्हणजे पायदळाची, रायफल ग्रीन, गडद हिरवी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची.

कायद्याचं विचाराल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाचा तसा हेतू नाही, त्यामुळे घाबरू नका. रिसॉर्टचं प्रकरण वेगळं आहे. खाजगी सिक्युरिटीवाल्यांसाठी २००५ चा कायदा आहे, त्यात गार्डला सैन्याचा किंवा पोलिसांचा किंवा त्यांच्यासारखा दिसणारा युनिफॉर्म घालता येत नाही, घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या बिचाऱ्या वॉचमनला दोष देऊ नका, मालक देतो ते तो घालतो. पण मॅनेजरला जाऊन सांगा. आपल्या किनाऱ्यावर २६/११ नंतर अनोळखी माणसाकडे लोक सावध नजरेने बघतात, इथे फौजी कपड्यांचा घोळ नकोच.

मी पण मराठा लाइट इन्फंट्रीचाच, म्हणून एक सांगतो. बेळगावला नवीन बेरेट हातात आली तेव्हा ती पोळीसारखी चपटी आणि केसाळ होती. उस्तादने गरम पाण्यात बुडवायला लावली, मग गार पाण्यात, हाताने दाबून पाणी काढलं आणि ओलीच डोक्यावर चढवायला लावली. बिल्ला डाव्या डोळ्यावर, उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून बसवायचं, आणि डोक्यावरच वाळू द्यायची, मानेवरून पाणी ओघळतंय आणि हलायचं नाही. वाळल्यावर रेझरने हलक्या हाताने लोकर काढायची. चार-पाचदा केलं तेव्हा कुठे ती माझ्या डोक्याची झाली. दुसऱ्याची घातली तर आरशात बघायच्या आधीच कळायचं. ते दादा का चिडले ते यातून कळेल.

मुलाला मरूनच आवडत असेल तर त्याला सांगा की आजोबांच्या रेजिमेंटचं तिच्याशी जुनं नातं आहे. मराठाची तिसरी बटालियन १९५२ मध्ये २ पॅरा झाली, आणि बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथल्या टांगाइलवर पॅराशूटने उतरली ती हीच बटालियन. बारावीत आहे म्हणजे वयही हातात आहे, भरतीची तयारी कशी करायची ते त्या दादांनाच विचारू दे, एकदा त्यांच्याकडे चहाला घेऊन जा त्याला. विकतच्या टोपीवरचा बिल्ला काढून ठेवा.

आणि ताई, सासऱ्यांची ट्रंक उघडा. त्यांची हिरवी बेरेट तिथे असणार, आपल्याकडच्या पावसात लोकरीला बुरशी धरते. उन्हात टाकू नका रंग जातो, सावलीत वाळवा, मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवा, बिल्ला वेगळा काढून ब्रासो पॉलिशने पुसा. २६ ला मुलाने साधा पांढरा शर्ट घालावा आणि फोटोसोबत ती टोपी दोन्ही हातांत धरून उभं राहावं.