बीएमडी बंद केल्यावर ब्रॉयलरच्या खाद्यात काय द्यावे?

सिन्नरजवळच्या आपल्या ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) शेडसाठी आपण विचारले आहे की, खाद्यातील बीएमडी (बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक) थांबवल्यास त्याच्या जागी कोणती पावडर घालावी. माझ्या मते अशी एकच पावडर नाही. अल्प मात्रेतील प्रतिजैविक आतड्यातील क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना दाबून ठेवते आणि त्याच वेळी ओले लिटर (जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर), खराब पाणी, न पचलेली प्रथिने हे शेडमधले दोषही झाकते. ते काढले की हे दोष आतड्याच्या दाहाच्या रूपाने उघडे पडतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके पूर्ण बंद केली, तरी तेथील ब्रॉयलर व्यवसाय टिकला, त्यात व्यवस्थापनाचा वाटा मोठा होता. (कॉक्सी म्हणजे आतड्यातील परजीवीचा रोग; त्याविरुद्धची आयोनोफोर गटातील औषधे तेथे चालू राहिली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.)

निफाड-सिन्नर पट्ट्यातील थंडीत आपण पडदे पूर्ण सोडतो, अमोनिया कोंडतो आणि तुसाचे लिटर ओलावा धरते. कॉक्सी आणि त्यामागून येणारा आतड्याचा दाह येथेच सुरू होतो. म्हणून ब्रूडिंगची (लहान पिलांना दिली जाणारी) ऊब राखूनही पडदा वरून थोडा उघडा ठेवावा, पाण्याच्या निपलची गळती थांबवावी आणि लिटर रोज हलवावे. बोअरचे पाणी अल्कधर्मी असेल तर क्लोरीनचा परिणाम कमी होतो. तेथे सेंद्रिय आम्ल उपयोगी पडते.

यानंतर पूरकांचा विचार करावा. गोळी खाद्यात प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) म्हणून बीजाणू धरणारे बॅसिलस घ्यावे, कारण लॅक्टोबॅसिलस त्या उष्णतेत सहसा तग धरत नाही. प्रोबायोटिक पाण्यातून द्यायचे असल्यास त्या वेळी क्लोरीन टाळावे, नाहीतर पैसे पाण्यात जातात. आवरणयुक्त ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचा क्षार) आतड्याच्या अस्तरासाठी चांगले, पण महाग आहे. ओव्यातील थायमॉल जंतुरोधक आहे. तरीही घरचा ओवा अंदाजाने मिसळू नये. करार पद्धतीत (कंपनीसाठी पक्षी वाढवताना) खाद्य कंपनीचे असेल, तर लिटर आणि पाणी एवढेच आपल्या हाती राहते, आणि तेही थोडे नव्हे.

कोलिस्टिन या प्रतिजैविकाला पर्याय म्हणूनही हात लावू नये. पशुखाद्यात त्याच्या वापरावर भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे. कॉक्सीचे औषध बीएमडीसोबतच बंद करू नये. एफसीआरची (एक किलो वजनवाढीला लागलेल्या खाद्याची) तुलना करताना हिवाळ्यातील बॅच मागच्या हिवाळ्यातील बॅचशीच ताडून पाहावी.