जपानचे कोणते इंजिनिअर माहीत असायला हवेत?

तुम्ही विचारलंय की होंडा, सोनी, टोयोटा ही नावं सगळ्यांना माहीत असतात पण तिथे प्रत्यक्ष काम केलेले इंजिनिअर कोण, आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने कोणाबद्दल वाचावं. संस्थापक मंडळींच्या गोष्टी कुठेही सापडतील म्हणून त्या बाजूला ठेवतो. मी लिहितोय ते पगारावर काम करणाऱ्या इंजिनिअर लोकांबद्दल, ज्यांनी केलेली वस्तू आपण रोज हातात घेतो आणि नाव मात्र कंपनीचंच लक्षात राहतं. मला हे खूप खटकतं.

पहिलं नाव फुजिओ मासुओका. जन्म १९४३, तोहोकू विद्यापीठात शिकले, १९७१ मध्ये तोशिबात लागले. मी एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर) काम करतो त्यामुळे फ्लॅश मेमरीशी रोजची गाठ, आणि ती फ्लॅश यांनी शोधली. त्या काळी वीज गेली तरी डेटा टिकवणारी आणि विजेनेच पुसता येणारी मेमरी होती, ईईप्रॉम, पण तिच्यात एकेक बाइट वेगळा पुसता यावा म्हणून एका सेलला (डेटाचा सगळ्यात छोटा कप्पा) दोन ट्रान्झिस्टर लागायचे, म्हणजे चिप मोठी आणि महाग. मासुओकांनी एकेक बाइट पुसायची सोयच काढून टाकली. अख्खा ब्लॉक एकदम पुसायचा, मग सेलला एकच ट्रान्झिस्टर पुरतो. ऐकायला सोपं वाटतं पण त्या वेळचे बाकीचे लोक सोयी वाढवायच्या मागे होते आणि या माणसाने एक सोय कमी करून किंमत खाली आणली, इंजिनिअरिंगमध्ये यापेक्षा अवघड निर्णय नसतो असं माझं मत आहे. पेटंटचा अर्ज १९८० चा, १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आयईडीएम या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरच्या परिषदेत पेपर वाचला, आणि १९८८ मध्ये ही नॉर प्रकारची फ्लॅश बाजारात आणली कोणी तर इंटेलने.

दरम्यान १९८७ मध्ये त्यांच्या टीमने नँड फ्लॅश मांडली. यात सेल एकापाठोपाठ सिरीजमध्ये जोडले, त्यामुळे प्रत्येक सेलला वेगळा कॉन्टॅक्ट लागत नाही आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त डेटा मावतो. मधलाच एखादा बाइट वाचायला ती हळू आहे पण फोटो, गाणी, व्हिडिओ साठवायला त्याने काही बिघडत नाही. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलचं स्टोरेज, एसएसडी, सगळं नँड.

१९९४ मध्ये मासुओका तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात प्रोफेसर झाले. २००४ मध्ये त्यांनी कंपनीवर १ अब्ज येनचा दावा लावला, शोधातून कंपनीला जे मिळालं त्यातला माझा वाटा द्या म्हणून, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. पुढे अमेरिकेतल्या अणुऊर्जा धंद्यात तोशिबा बुडायला आली तेव्हा वाचण्यासाठी तिने काय विकलं तर मेमरीचाच धंदा, २०१८ मध्ये, सुमारे २ लाख कोटी येनला (आजची किओक्सिया ती हीच). आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

याच प्रकारचं दुसरं प्रकरण शुजी नाकामुरांचं, ते नोबेलमुळे प्रसिद्ध आहे म्हणून थोडक्यात सांगतो. तोकुशिमा प्रांतातल्या अनान गावची निचिया कंपनी, मुख्य धंदा फॉस्फर पावडरचा. लाल एलईडी १९६० च्या दशकातच आले होते, हिरवेही आले, पण झगझगीत निळा काही जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळा झिंक सेलेनाइडच्या मागे होत्या, नाकामुरांनी गॅलियम नायट्राइड धरलं, क्रिस्टल वाढवायचं मशीन स्वतः तोडून-जोडून बदललं आणि १९९३ च्या शेवटी कंपनीने निळा एलईडी जाहीर केला. नागोयाचे इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी गॅलियम नायट्राइडचा पाया आधीच घातला होता, त्यांचं नाव सोडून नाकामुरांची गोष्ट सांगणं अन्यायाचं होईल, २०१४ चं नोबेल तिघांना मिळून आहे. नाकामुरांना पेटंटपोटी कंपनीकडून २० हजार येन मिळाले होते. ते कोर्टात गेले, २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा कोर्टाने २० अब्ज येन द्या म्हटलं, आणि अपिलात २००५ मध्ये ८४ कोटींच्या आसपास मिटलं. अशा खटल्यांनी जपानी कंपन्या हादरल्या, पेटंट कायद्यातलं नोकरदारांच्या शोधांचं कलम दोनदा बदललं गेलं, आणि २०१५ च्या बदलानंतर कंपनीने आधी तसं ठरवून ठेवलं असेल तर शोधाचा हक्क सुरुवातीपासून कंपनीचाच धरता येतो, शोधणाऱ्याला फक्त योग्य मोबदला. मला हा बदल पटत नाही.

मासाहिरो हारा मात्र कोर्टात वगैरे गेले नाहीत. ते डेन्सोत होते, म्हणजे टोयोटाला पार्ट पुरवणारी कंपनी. तिथे प्रत्येक खोक्यावर कानबान (कोणता पार्ट, किती हवा हे सांगणारं कार्ड) असायचं आणि त्यावर बारकोड. एका बारकोडमध्ये साधारण २० अक्षरं मावतात, त्यामुळे एकेका खोक्यावर कितीतरी बारकोड लागायचे आणि कामगार दिवसभर स्कॅनच करत बसायचे. हारांनी आडवा-उभा दोन्हीकडे डेटा भरणारा चौकोन काढला, १९९४ मध्ये तो जाहीर झाला, तोच आपला क्यूआर कोड, नुसते आकडे असतील तर ७,०८९ पर्यंत मावतात. यातली खरी करामत म्हणजे तीन कोपऱ्यातले ते चौकोन. स्कॅनरला कोड कुठे आहे हे पटकन कळायला हवं आणि छापील कागदावरच्या दुसऱ्या कशाशी गोंधळ व्हायला नको, म्हणून टीमने मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याचे खोके असलं ढीगभर छापील साहित्य तपासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सगळ्यात कमी आढळणारं प्रमाण शोधलं, १:१:३:१:१. त्या चौकोनावरून मधोमध कुठूनही रेघ मारा, तिरकीसुद्धा, हेच प्रमाण येतं. म्हणून कोड उलटा धरला तरी वाचला जातो, आणि एरर करेक्शनमुळे ३० टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी चालतो. भाजीवाल्याच्या गाडीवर उन्हापावसात फाटत आलेला यूपीआयचा स्टिकर चालतो तो यामुळे. कंपनीने पेटंट घेतलं पण वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं, तसं नसतं तर हा कोड कारखान्याबाहेर इतका पसरला असता असं मला वाटत नाही.

आता तुम्ही मेकॅनिकलचे आहात म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलेले हिदेओ शिमा. (इंटेलच्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरवर काम केलेले मासातोशी शिमा वेगळे, तेही वाचण्यासारखे आहेत.) जन्म १९०१, वडीलही रेल्वेतले नावाजलेले इंजिनिअर. हिदेओंनी आधी डी-५१ सारखी वाफेची इंजिनं केली, हजाराच्या वर बनली ती. १९५१ मध्ये योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनात लोकल पेटून शंभरावर माणसं गेली, त्यानंतर त्यांनी रेल्वे सोडली. १९५५ मध्ये रेल्वेचे प्रमुख शिंजी सोगो यांनी परत बोलावून घेतलं आणि नव्या टोकियो-ओसाका लाइनचं, म्हणजे शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचं, काम दिलं.

शिमांचा मुख्य निर्णय असा की पुढे एक जड इंजिन लावायचंच नाही, प्रत्येक डब्याखाली मोटर बसवायची. मुंबईच्या लोकलमध्येही डब्यांखालीच मोटरी असतात पण काही डब्यांना, शिंकान्सेनच्या पहिल्या गाडीत मात्र झाडून सगळे एक्सल चालवलेले. फायदा काय, तर एका एक्सलवर भार कमी येतो, रूळ आणि पूल हलके चालतात, आणि ब्रेक मारताना प्रत्येक मोटर ब्रेकचं काम करते. त्या वेळी जगात लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या इंजिनानेच ओढायच्या अशी रीत होती. बाकी पार्टपुरते आधी आजमावलेलंच तंत्र घ्यायचं असा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९६४ ला ५१५ किलोमीटरची लाइन सुरू झाली, वेग ताशी २१० किलोमीटर, आणि आजवर रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. आता आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरची लाइन होतेय ती याच तंत्रावर.

पण उद्घाटनाला शिमा नव्हते. खर्च ठरल्याच्या जवळपास दुप्पट झाला, १९६३ मध्ये सोगो पायउतार झाले आणि त्यांच्याबरोबर शिमांनीही राजीनामा दिला, पहिली गाडी सुटताना त्यांनी घरी टीव्हीवर बघितली. मोबदला, खटला असलं काही नाहीच. पुढे १९६९ मध्ये जपानच्या अंतराळ विकास संस्थेचे ते पहिले प्रमुख झाले.

तुम्ही सुरुवात मात्र शिमांच्याही आधी तादाशी मात्सुदायरांपासून करा. युद्धात ते नौदलाच्या विमानांच्या कंपनांवर काम करायचे, झिरो या लढाऊ विमानाच्या पंखांच्या फ्लटरवर (वेग वाढला की आपोआप वाढत जाणारी थरथर). युद्धानंतर जपानला विमानं बनवायला बंदी झाली आणि अशी बरीच मंडळी रेल्वेच्या संशोधन संस्थेत आली. वेग वाढला की गाडी डावी-उजवीकडे हेलकावते आणि घसरते, याचा दोष रेल्वेवाले वाकड्या रुळांना द्यायचे. मात्सुदायरांचं म्हणणं की रूळ अगदी सरळ असला तरी एका वेगाच्या पुढे गाडी आपोआपच हेलकावे घेणार, कारण ते कंपन चाकांच्या उतरत्या आकारात आणि बोगीच्या (म्हणजे डबा नव्हे, त्याखालचा चाकांचा सांगाडा) स्प्रिंगमध्येच आहे, विमानाच्या फ्लटरसारखं. फिरत्या रोलरवर बोगी चालवून त्यांनी ते दाखवलं आणि मग स्प्रिंग-डँपिंग असं बसवलं की तो वेग २१० च्या बराच वर जावा. तुमच्या व्हायब्रेशनच्या पुस्तकात सेल्फ-एक्सायटेड व्हायब्रेशनचा (आपोआप वाढत जाणाऱ्या कंपनांचा) धडा असेल, तो आधी नीट करा आणि मग रेल्वे बोगीचं हंटिंग, म्हणजे हेच हेलकावे, वाचा, मात्सुदायरांनी काय केलं ते समीकरणासकट समजेल.