जुन्या प्रेरणादायी मालिकेचा एकच भाग कायदेशीरपणे ऑनलाइन कुठे बघता येईल?

आजारपणात धीर देणारा एक भाग तुम्हाला आईला पुन्हा दाखवायचा आहे, म्हणून आधी त्या भागाचं नेमकं नाव, सीझन आणि भाग क्रमांक शोधून ठेवा. आयएमडीबी या चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर भागांची यादी मिळते. काही मालिकांचा प्रसारणाचा क्रम आणि डीव्हीडीवरचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबू नका.

मग जस्टवॉच या, कोणती मालिका कुठे बघता येते ते सांगणाऱ्या संकेतस्थळावर मालिकेचं नाव टाका आणि आपला देश निवडा. ही पायरी महत्त्वाची, कारण प्रसारणाचे हक्क देशागणिक आणि ठरावीक मुदतीसाठी विकले जातात. गेल्या वर्षी होती ती मालिका आज गायब होते ती याच कारणाने. कधी मालिका असते, पण नेमका हवा तो भाग नसतो. बऱ्याचदा त्यातल्या गाण्याचे हक्क नव्याने घेतलेले नसतात.

एका भागासाठी वर्षभराची वर्गणी भरू नका. अ‍ॅपल टीव्हीसारख्या ऑनलाइन दुकानांत काही देशांत सुटा भाग विकत मिळतो. यूट्यूबवर शोधताना चॅनल निर्मात्याचं किंवा वाहिनीचं अधिकृत आहे ना, ते बघा. कडा कापलेलं किंवा आरशातल्यासारखं उलटं केलेलं चित्र दिसलं तर ती बहुतेक चोरीची प्रत.

आणि वाचनालय विसरू नका! हूप्ला, कॅनोपी या ऑनलाइन चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा सहभागी वाचनालयांच्या कार्डावर मोफत चालतात, आणि वाचनालयाच्या कपाटात डीव्हीडीचा संच सापडला तर तो भाग तिथेच मिळेल.