व्हायोलिनला पिकअप लावला, पण बँडमध्ये आवाज पत्र्यासारखा येतो. कोणतं इफेक्ट पेडल घ्यावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ब्रिजला (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीला) पिएझो पिकअप, म्हणजे कंपनं पकडून त्यांचा विद्युत सिग्नल करणारा पिकअप लावलाय, वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये जाते, आवाज चिरका येतो आणि व्हॉल्यूम वाढवला की व्हायोलिन घुमायला लागतं. म्हणून रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी गुंज देणारा) किंवा डिले (पडसाद देणारा) घ्यायचा विचार आहे.

माझं ऐकाल तर आत्ता एकही पेडल घेऊ नका. आधी प्रीअँप घ्या, म्हणजे पिकअप आणि मिक्सरच्या मध्ये बसून पिकअपचा कमजोर सिग्नल सावरणारी छोटी पेटी.

पिएझोला पुढे किमान १ मेगाओम (१,००० किलोओम) अवरोधाचं इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण १० ते २० किलोओमचं असतं, तिथे पिएझोचा खर्ज पार गळून जातो आणि उरतो तो फक्त चिरकेपणा. मी स्वतः दोन वर्षं असाच वाजवत होतो आणि दोष पिकअपला देत होतो. एका तालमीत मित्राचा प्रीअँप मध्ये जोडला आणि जी तारेवर गज ओढला, तर लाकडाचा भरीव आवाज आला. पिकअप तोच, गज तोच. डीआय आउटपुट (मिक्सरला थेट जोडायचं, गोंगाट टाळणारं आउटपुट) असलेला प्रीअँप घेतलात तर लांब केबलची खरखरही मिटते.

मग ईक्यू, म्हणजे आवाजातला खर्ज-तार भाग कमी-जास्त करणं. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची. त्याच्या बरंच खाली जे काही येतं ते तुमचं नाहीच, ती ड्रमची आणि बेसची धडधड, स्टेजवरच्या पावलांचा दणका. १५० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने बिनधास्त कापा. गजाची किरकिर बहुतेक वेळा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये सापडते, तिथे थोडं कमी करा.

घुमण्याचं कारण व्हायोलिनचं पोकळ पोट. आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, बहुतेक व्हायोलिनमध्ये २७०-२८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जी तारेवरच्या सी शार्पजवळ. तालमीत व्हॉल्यूम हळूहळू वाढवत न्या, घुमायला लागलं की तो सूर तारेवर शोधा आणि नॉच फिल्टर (एकाच सुराभोवतीचा अरुंद पट्टा कमी करणारा) तिथे आणून ५-६ डेसिबल उतरवा. प्रीअँपवर फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर तेही दाबून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

क्लिपवाला कंडेन्सर माइक पिएझोपेक्षा कितीतरी गोड वाजतो, पण ड्रमशेजारी तो तुमच्यापेक्षा झांजाच जास्त उचलतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरने माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज) लागते हेही लक्षात ठेवा.

एवढं जमल्यावर पेडलं. प्रीअँपनंतर ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, खरखरीत करणारं), मग कोरस (एकाच सुराला अनेक वाद्यांचा भास देणारं), मग डिले, शेवटी रिव्हर्ब. ओव्हरड्राइव्हचा गेन गिटारवाल्यापेक्षा बराच कमी ठेवा, कारण गज तारेवर टेकतानाचा आवाजही तो तितकाच फुगवतो आणि घुमणं परत सुरू होतं. डिले गाण्याच्या लयीत बसवा: ६०,००० ला टेम्पोने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात, १२० च्या टेम्पोला ५००. गजाचा सूर लांबत राहतो, त्यामुळे डिलेचे पडसाद एकमेकांत मिसळून गिचमिड होते. दोन-तीन पडसाद पुरे, तेही मूळ सुरापेक्षा बऱ्याच कमी आवाजात. रिव्हर्ब घरी एकट्याने वाजवताना जेवढा आवडतो त्याच्या निम्माच बँडमध्ये ठेवा, आणि तुमच्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर स्वतःला ऐकायच्या स्पीकरमध्ये) तर जवळजवळ नकोच, नाहीतर स्वतःचा सूर लागलाय की नाही तेच कळत नाही.