वाचकांचे प्रश्न : पंख नेमके कुठून फुटतात?

यावेळी आलेली बहुतेक पत्रं संगणकावर त्रिमितीत घडवलेल्या काल्पनिक प्राण्यांबद्दल आहेत. सोबतच्या चित्रांत एक गोष्ट सरसकट दिसते. खवले, केस आणि सुरकुत्यांवर भरपूर मेहनत झालेली असते, सांधे मात्र वाऱ्यावर सोडलेले असतात. त्यामुळे उत्तरांचा भरही सांध्यांवरच आहे.

प्रश्न : किल्ल्यांच्या दरवाज्यांवर असतो तसा शरभ ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घडवतोय. अंग सिंहाचं, पंख गरुडाचे. पंख कितीही सुबक केले तरी पाठीवर चिकटवल्यासारखे दिसतात. काय चुकतंय?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : पंख पाठीतून फुटलेत, ही पहिली चूक. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय. त्यात दंडाचं हाड, कोपर, मनगट, बोटं सगळं असतं. तो खाली मारणारा मोठा स्नायू छातीवर असतो आणि छातीच्या हाडाच्या उभ्या कण्याला धरून असतो. गंमत म्हणजे पंख वर उचलणारा मुख्य स्नायूही छातीवरच, पहिल्याच्या खाली दडलेला असतो. त्याची दोरी खांद्याजवळच्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरून पकडते, विहिरीवरच्या रहाटासारखी. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यांत हे छातीचे स्नायू शरीराच्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के भरतात. तुमच्या शरभाची छाती साध्या सिंहाचीच राहिली आहे. पंखांना ओढणारं खाली काहीच नाही आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते खटकतं.

म्हणजे या प्राण्याला खांद्यांची दुसरी जोडी द्यावी लागेल. ती मानेच्या मुळाशी बसवली तर मान वळायला जागा उरत नाही आणि आयाळ पंखात अडकते. ती पुढच्या पायांच्या मागे, बरगड्यांवर थोडी उंच ठेवा. सिंहाला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. दुसऱ्या खांद्याचा फरा (खांद्याचं चपटं हाड) पाचव्या ते आठव्या बरगडीच्या पट्ट्यात आला की बरा दिसतो. त्यासाठी बरगड्यांचा पिंजरा लांबीला पाव पटीने वाढवा आणि खालीही थोडा उतरवा. पोट तेवढं आखूड होऊ द्या, नाहीतर प्राणी मुंगसासारखा लांबडा होईल.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. चार पायांच्या प्राण्यांत पुढच्या पायाचा फरा धडाच्या हाडांना सांध्याने जोडलेला नसतो. तो फक्त स्नायूंच्या झोळीत असतो आणि बरगड्यांवरून मागेपुढे सरकतो. मांजरकुळात कॉलरबोन उरलेलं असतं, पण ती नुसती एक सुटी काडी. दबा धरून चालणाऱ्या सिंहाचे फरे पाठीच्या रेषेच्या वर येतात ते यामुळेच. दोन फरे एकामागे एक चिकटवून ठेवलेत तर पाय मागे जाताच ते एकमेकांत घुसतील. दोघांत निदान अर्ध्या फऱ्याच्या रुंदीइतकं अंतर सोडा.

कामाचा क्रम असा ठेवा. बरगड्यांसाठी अंड्याचा आकार, कंबरेसाठी पेटी, कवटीसाठी गोळा आणि फऱ्यांसाठी चपटे त्रिकोण असे सुटे ऑब्जेक्ट घ्या. प्रत्येकाचा ओरिजिन (ज्या बिंदूभोवती तो फिरतो) त्याच्या सांध्यावर आणा आणि पाय व पंख २० ते २५ अंश फिरवून पाहा. काही अडत नसेल तरच स्नायूंचे पट्टे चढवा: एक छातीपासून पंखाच्या दंडापर्यंत, एक पाठीच्या कण्यापासून त्याच दंडापर्यंत, एक कण्यापासून फऱ्यापर्यंत. छातीचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपरामागून खाली उतरून मधल्या रेषेवर मिळाला पाहिजे. हा फुगवटा बाजूने पाहताना दिसला की पंख चिकटवलेला वाटणं बरंचसं थांबतं. मग सगळं एकत्र करून व्हॉक्सेल रीमेश करा, म्हणजे छोट्या घनांच्या हिशेबाने सगळ्यांची मिळून एकच सलग जाळी बनवा. प्राणी २ मीटर लांब असेल तर सुरुवातीला ०.०३ मीटरचा व्हॉक्सेल पुरे.

पंख किती मोठे? माळढोकाचा मोठा नर साधारण १५ किलोचा, आणि तोही उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिजड गडी. नर सिंह १५० किलोच्या पुढे असतो. लुप्त झालेल्या क्वेत्झलकोट्लस या उडत्या सरीसृपाचा पंखविस्तार १० ते ११ मीटर होता आणि त्याच्या वजनाचे अंदाज २०० ते २५० किलोंच्या घरात आहेत. म्हणजे तुमच्या शरभाचा एकेक पंख अंगाच्या लांबीच्या दुपटीहून मोठा हवा. एवढा पंख दरवाज्याच्या चौकटीत मावत नाही. दगडात कोरणाऱ्यांनी तो छोटा ठेवला, कारण त्यांना सत्तेचं चिन्ह हवं होतं, उड्डाण नव्हे. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर पंख मिटलेला दाखवा. मिटताना दंड मागे जातो, कोपरापुढचं हाड उलटं पुढे येतं आणि मनगट खांद्याजवळ येऊन हात पुन्हा मागे वळतो. मोठी पिसं हातावर असतात, बहुतेक पक्ष्यांत सुमारे १०. त्यांची टोकं शेपटीच्या मुळापलीकडे जाऊ द्या.

पोथ्यांत शरभाला आठ पाय सांगितले आहेत, किल्ल्यांवर तो बहुधा चारच पायांचा दिसतो. पंख घेणार असाल तर चारवर थांबा. आठ पाय आणि पंख म्हणजे खांद्यांच्या चार-पाच जोड्या. तेवढ्या कुठल्याच छातीत बसत नाहीत.

प्रश्न : मागच्या पायाचा गुडघा उलटा वाकतो म्हणून मित्र हसतात. मी तर कुत्र्याचा फोटो पाहूनच केला आहे.
– एक वाचक, अकोला

उत्तर : तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. कुत्र्याचा गुडघा पोटाजवळ, कातडीच्या घडीत अर्धा लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात, घोडा तर एकाच बोटाच्या नखावर. तुम्ही मांडीचं हाड टाचेपर्यंत ताणलंत आणि खालचा भाग पायाच्या जागी जोडलात, त्यामुळे पायात एक हाड कमी पडलं. मांडी, नडगी, पाऊल हे तीन तुकडे तीन रंगांत रंगवा. तिसरा रंग कुठे सुरू होतो ते पाहिलं की बाकीचं आपोआप कळेल.

प्रश्न : ओडिशाच्या पटचित्रांतला नवगुंजर त्रिमितीत करायचा आहे. एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा, चौथ्या जागी माणसाचा हात. मान मोराची, तोंड कोंबड्याचं, वशिंड बैलाचं. पण तो नऊ खेळण्यांचे तुकडे जोडल्यासारखा दिसतो.
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : चित्रात हे खपतं, कारण पटचित्रातली ठसठशीत बाह्यरेषा सगळ्यांना बांधून ठेवते. त्रिमितीत ती रेषा नसते. तिचं काम वजनाला करावं लागतं.

पाय आधी सोडवा. हत्तीच्या पायाची हाडं जवळजवळ एकावर एक उभी असतात. वाघाचा आणि हरणाचा पाय वाकडातिकडा असतो. कंबर आणि खांदा एका उंचीवर हवेत, म्हणून वाकलेल्या पायांतली हाडं एकूण मोजता हत्तीच्या पायापेक्षा लांब करावी लागतील. आधी जमिनीपासून सांध्यापर्यंतची उंची ठरवा, मग पाय त्यात बसवा. उलट केलंत तर प्राणी एका बाजूला कलतो आणि मग कलणं झाकायला पाठ वाकवावी लागते.

हात उचललेला आहे, त्यात कमळ आहे. म्हणजे भार तीनच पायांवर. शरीराच्या मध्यातून खाली सोडलेली उभी रेषा तीन पावलांच्या त्रिकोणात पडलीच पाहिजे. उचललेल्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पुढचा पाय छातीखाली थोडा आत घ्या आणि हत्तीचा पाय सर्वाधिक भार असेल तिथे द्या. तो एवढा जाडजूड आहे, त्याला काम द्यायला हवं.

एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना बदल सांध्याशी करा, स्नायूच्या मध्यात कधीही नको. वाघाची मांडी आणि तिच्याखालचं पाऊल यांच्यातला बदल टाचेशी झाला की डोळा तो पचवतो. उलट स्नायूचा पट्टा मात्र हद्द ओलांडून पलीकडे जाऊ द्या, म्हणजे दोन प्राणी एकमेकांना ओढताना दिसतील. कातडीचा पोतही सरळ रेषेत संपवू नका. पिसं विरळ होत केसांत मिसळू द्या.

वशिंड पाठीच्या मध्यावर ठेवलं आहे ते पुढे घ्या. बैलाचं वशिंड खांद्यावर, फऱ्यांच्या वर असतं. मानेबद्दल सांगायचं तर जिराफ धरून जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मानेत ७ मणके असतात, पक्ष्यांत बरेच जास्त, हंसात २० हून अधिक. म्हणून मोराची मान गुळगुळीत वळते आणि वाघाची मान ठळक दोन-तीन जागी मोडते. तुमची मान वरच्या भागात मोराची आणि खांद्यात शिरताना बैलाची जाड हवी, नाहीतर एवढं डोकं पेलायला खाली काही उरत नाही.

प्रश्न : तोंड उघडलं की गाल फाटल्यासारखे दिसतात. दात मात्र छान झालेत.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : जबडा कानाच्या अगदी पुढच्या सांध्यावर फिरतो, ओठांच्या कोपऱ्यावर नाही. ओरिजिन सांध्यावर आणा आणि आधी ३० अंशच उघडा. ओठांचा कोपरा सांध्यापर्यंत मागे नेलात, ते फाटणं तिथून येतंय. मध्ये चावण्याचा जाड स्नायू असतो आणि ओठ त्याच्या पुढेच थांबतात.

हा प्राणी काय खातो तेही ठरवा. मांसाहाऱ्यांचा जबड्याचा सांधा दातांच्या रांगेच्या पातळीत असतो, म्हणून दात कात्रीसारखे मिळतात. चरणाऱ्यांचा सांधा रांगेच्या बराच वर असतो, त्यामुळे सगळ्या दाढा जवळजवळ एकदम टेकतात. वाघाचं तोंड आणि गाईचा सांधा असं मिश्रण झालं की प्राणी मंदबुद्धी दिसतो. ‘छान झालेल्या’ दातांतही एक खोट आहे: तोंड मिटल्यावर खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे बसला पाहिजे, तुमच्याकडे तो मागे आहे.

प्रश्न : कातडीचा पोत कधी चढवायचा? माझा लॅपटॉप लगेच गुदमरतो.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : शेवटी. मल्टिरेझोल्यूशनची (जाळी टप्प्याटप्प्याने बारीक करणाऱ्या सोयीची) प्रत्येक पायरी जाळीची पृष्ठं चौपट करते: १०,००० पासून सुरू केलंत तर तिसऱ्या पायरीला ६,४०,००० आणि पाचव्या पायरीला १ कोटीच्या वर. व्हॉक्सेल निम्मा केला तरी हिशेब तोच. स्नायू पहिल्या-दुसऱ्या पायरीवर, मोठ्या घड्या तिसऱ्यावर आणि रंध्रं त्यानंतर. व्हॉक्सेल रीमेश जवळजवळ टेकलेले भाग एकमेकांत वितळवतो, म्हणून ओठ मिटलेले आणि बोटं जुळलेली असताना तो चालवू नका. ऑब्जेक्ट एकाच दिशेने ताणलेला असेल तर आधी स्केल लागू करा (अप्लाय स्केल), नाहीतर ब्रशची खूण लंबगोल उमटते.

सुरकुती स्नायूच्या ओढीला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून आठ्या आडव्या. एवढं कळलं की अर्धे अल्फा (पोत उमटवायचे तयार ठसे) फेकून देता येतात. खवले जिथे अंग वाकतं तिथे बारीक आणि पाठीवर मोठे ठेवा. सगळीकडे एकाच मापाचे खवले म्हणजे प्राण्याने चिलखत शिवून घेतल्यासारखं वाटतं.

प्रश्न : गौरी-गणपतीच्या मखरासाठी पंखांचा व्याळ (देवळांवर कोरलेला सिंहासारखा काल्पनिक प्राणी) त्रिमितीय छपाईने रेझिनमध्ये छापून घेतला. पंख पिसांसकट मोडला.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मापाचा घोळ आहे. २ मीटरचा प्राणी १५ सेंटिमीटरचा केला की सगळं ०.०७५ पटीने आक्रसतं. मॉडेलमधला १ सेंटिमीटर जाडीचा पंख छापताना ०.७५ मिलिमीटर होतो. निदान दीड मिलिमीटर हवा, म्हणजे मॉडेलमध्ये २ सेंटिमीटर. पिसांमधल्या खाचा मॉडेलमध्ये ४ मिलिमीटर खोल ठेवा, त्याहून उथळ खाच रंगाच्या थराखाली बुजते. पुढची मापं छापलेल्या मूर्तीची: धड पोकळ करताना भिंत २ ते २.५ मिलिमीटर ठेवा. रेझिन निथळायला ३ मिलिमीटरची दोन भोकं द्या, एक तळाला आणि एक वर, म्हणजे आत हवा शिरते. पंख खांद्याशी कापून वेगळा छापा आणि खुंटी व खोबणीत ०.१५ ते ०.२ मिलिमीटर फट सोडा. खुंटी गोल नको, चौकोनी हवी, नाहीतर चिकटवताना पंख फिरतो. ती फऱ्याच्या जाड भागातच घुसवा, बरगड्यांवर नाही.