बिबट्याने काय सांगितले, असे तू विचारतोस

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री येऊरहून उतरताना वळणावर बिबट्या दिसला, कठड्याशी क्षणभर थांबला, तुझ्याकडे रोखून पाहून झाडीत गेला, आणि तेव्हापासून हा कशाचा संकेत असावा या विचाराने तुला चैन नाही, असे तू लिहितोस. प्रश्न वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. तो थोडा निराळ्या बाजूने विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी त्या जनावराने काय केले ते पाहा. त्याच्या डोळ्यांत तुला जे तेज दिसले ते तुझ्याच मोटारसायकलच्या दिव्याचे होते. रात्री वावरणाऱ्या या प्राण्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. साधारण १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची येऊर ही ठाण्याकडची कड, आणि अशा कडेच्या बिबट्यांच्या आहारात भटकी कुत्री असतात. तेव्हा तो बहुधा पोटापाण्याच्या वाटेवर होता. एवढे कळल्याने प्रसंगाचे पावित्र्य उणावते, असे मला वाटत नाही. आपल्या सुखदुःखाशी काडीचाही संबंध नसलेले एक आयुष्य दोन हातांवरून जाते आणि आपण क्षणभर स्वतःला विसरतो, यापेक्षा अधिक आध्यात्मिक ते काय असणार?

प्राण्यांच्या येण्याजाण्याला अर्थ लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घरातले एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागतात: धाकटीचे शिक्षण पुरे करू, आईला अंतर देणार नाही, भावाभावांतला जमिनीचा वाद मिटवू. मग कावळा येतो. तो भुकेने येतो की आणखी कशाने, या वादात मला रस नाही. चार लोकांच्या साक्षीने दिलेला शब्द त्याच्या येण्याआधीच दिलेला असतो, आणि पुढे तो पाळायचा असतो माणसांनीच. बिबट्याकडेही तू असेच पाहावेस.

दत्तसंप्रदायात अवधूताचे चोवीस गुरू सांगतात. त्यांतला एक पक्षी मांसाचा तुकडा घेऊन उडतो, बलवान पक्षी त्याच्यामागे लागतात, तो तुकडा टाकतो आणि सुटतो. अवधूत त्या पक्ष्याला काही विचारत नाही. तो पाहतो, आणि आपल्याजवळचे काय सोडावे हे स्वतः ठरवतो. ठाणे-पालघर पट्ट्यातले वारली आणि महादेव कोळी वाघोबाला पूजतात, आपल्या वसुबारसेला त्यांची वाघबारस असते. पण वाघोबाला नारळ वाहिला म्हणून कोणी रात्री शेळ्या उघड्यावर सोडत नाही. ही श्रद्धा मला आपल्या शहरी भाबडेपणाहून पुष्कळ जाणती वाटते. (शनिवारी मारुतीचे म्हणून माकडांना केळी चारणारे आपलेच लोक, मग ती माकडे रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.)

म्हणून पुन्हा दर्शन व्हावे या आशेने रात्री त्या वळणावर जाऊन थांबू नकोस आणि ती जागा कोणाला कळवूही नकोस. वडिलांना दिलेला कोणता शब्द राहून गेला आहे, ते आईशी बोल; तुझ्या पत्रात त्याविषयी एक अर्धवट वाक्य आहे, ते माझ्या लक्षात आले.

पाहण्याची सवय करायची असेल तर हिवाळ्यात ऐरोलीला खाडीवर ये. हा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, अभयारण्य झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलाचे पाणी गाळत राहतो. त्याचा गुलाबी रंग ज्या सूक्ष्म शेवाळातून येतो, त्याच्या वाढीला आपल्या सांडपाण्याचाही हातभार लागतो, असे अभ्यासक मानतात. तासभर बसून पक्षी काय करतो तेवढेच वहीत लिही. स्वतःविषयी जे सुचेल ते दुसऱ्या दिवशी, वेगळ्या पानावर. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी नेरूळकडच्या पाणथळींवर उठून जातात, तेव्हा ओहोटीची वेळ पाहूनच घरून नीघ.

कळावे.